पहिले बावन्न

मतदान सकाळी सातला सुरू व्हायचं, आता सात वाजून चार मिनिटं झाली होती, दाराबाहेर वीस-बावीस माणसं तिष्ठत होती आणि मतपत्रिका आत ओढून घेणारं यंत्र हटून बसलं होतं. मी त्याच्या मागच्या झाकणात कोपरापर्यंत हात घालून चुरगळलेला कागद शोधत होते. लेम्पी शेजारी उभी राहून मला नियमांचं पुस्तक वाचून दाखवत होती.

"पुस्तक ठेव आणि टॉर्च धर," मी म्हटलं.

"झाकण उघडताना दोघींनी हजर असायला हवं, असं लिहिलंय. मी हजर आहे," ती म्हणाली. पण टॉर्च धरला.

लेम्पी राउटियो आमच्या पाइक बेंड गावच्या मतदान केंद्राची सव्वीस वर्षं केंद्राध्यक्ष होती आणि मी, नेला बर्टुची, सव्वीस वर्षं तिची मदतनीस. मी शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, ती काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शुश्रूषागृहात नर्स होती. तिथं ती रोज भेटणाऱ्या म्हातारीलाही आधी नाव विचारायची, मनगटावरची पट्टी वाचायची आणि मगच गोळी द्यायची. एकदा माझी आईच तिथं होती. आई वैतागून म्हणाली, अगं, तुझ्या लग्नाचा केक मी केलाय, तुला माझं नाव माहीत नाही? लेम्पी म्हणाली, माहीत आहे, पण सांगा. अशी ही बाई. तिच्यावर जीव टाकावा की तिचं डोकं फोडावं, हे मला एवढ्या वर्षांत ठरवता आलं नाही.

कागद निघाला, यंत्र सुरू झालं आणि माणसं आत घुसली. बहुतेक लाकूड-गिरणीतली. आठला त्यांची पाळी सुरू होते, त्यामुळे मत देणार ते सातलाच. मी यादीत नावं शोधून मतपत्रिका फाडून देत होते, लेम्पी सह्या तपासत होती. श्वास घ्यायला फुरसत नव्हती. साडेआठच्या सुमारास जरा शांत झालं, तेव्हा शाळेत ज्यांनी आम्हा दोघींना भूगोल शिकवला त्या मिस ऑडेट काठी टेकत परत माझ्या टेबलाशी आल्या. त्या म्हणाल्या, सगळं वाचलं, पण कॉलेजच्या घरपट्टीचा प्रश्न काही दिसला नाही, तो रद्द झाला का?

मी त्यांच्या हातातली मतपत्रिका उलटली. मागे, अख्ख्या कोऱ्या पानावर एकटाच तो प्रश्न छापलेला होता.

ऑगस्टच्या निवडणुकीत आमच्याकडे मतपत्रिकेची मागची बाजू कोरीच असते. यंदा शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, जागेला सात जण उभे राहिले, पुढचं पान भरलं आणि कॉलेजचा प्रश्न मागे गेला. खाली बारीक अक्षरांत 'दोन्ही बाजू पाहा' असं छापलं होतं, पण ते कोण वाचतो? नोव्हेंबरमध्ये, जेव्हा दोन्ही बाजू भरलेल्या असतात, तेव्हा लेम्पी मतपत्रिका घेणाऱ्या प्रत्येकाला सांगायची की उलटून बघा. आज यंत्राच्या भानगडीत ते तिच्याही डोक्यातून गेलं आणि माझ्याही. आणि मागचं पान कोरं सोडलं तर यंत्र कुरकूर करत नाही, निमूट आत घेतं.

आत गेलेल्या मतपत्रिकांचा यंत्रावरचा आकडा बावन्न होता.

हा प्रश्न कसला होता ते सांगते. आमच्या काउंटीचं कॉलेज दूर काउंटीच्या मुख्य गावी आहे. पण पाइक बेंडच्या जुन्या प्राथमिक शाळेत त्याची एक शाखा चालते, तिथं संध्याकाळी नर्सिंगचा कोर्स असतो. तो सगळा घरपट्टीतल्या एका छोट्या हिश्श्यावर चालतो आणि तो हिस्सा दर सहा वर्षांनी लोकांनी मत देऊन पुन्हा मंजूर करावा लागतो. यंदा नामंजूर झाला असता, तर सप्टेंबरपासून शाखेला कुलूप. लेम्पी बेचाळीसाव्या वर्षी, शिवणकामाचा कारखाना बंद पडल्यावर, ह्याच शाखेत शिकून नर्स झाली. आणि तिची मुलगी रायली, अडतीस वर्षांची, नवऱ्यानं टाकलेली, शुश्रूषागृहात लोकांच्या चादरी बदलणारी, तिथंच शिकत होती. दोन वर्षांपैकी एक वर्ष पुरं झालं होतं. दुसरं जवळचं कॉलेज दीडशे मैलांवर, ग्रीन बे शहरात.

पण लेम्पीचं मत काय, हे तिच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. अंगणात पाटी नाही, गाडीवर चिकटपट्टी नाही. केंद्राध्यक्षानं मत बोलून दाखवायचं नसतं, असं ती म्हणायची. अगं, मतदानाच्या दिवशी नसतं, वर्षभर नाही! पण तिनं सव्वीस वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

"आता सुरू करू," मी म्हटलं. "येईल त्याला सांगायचं, उलटून बघ."

लेम्पीनं गावचा कारभार आणि निवडणुका बघणाऱ्या टाउनशिपच्या क्लार्कबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, सांगितलं तरी चालेल, नाही सांगितलं तरी चालेल, तुम्ही केंद्राध्यक्ष आहात, तुम्ही ठरवा. फक्त सगळ्यांना सारखं असू द्या. बस्स, 'सगळ्यांना सारखं' हे शब्द लेम्पीनं ऐकले आणि मला कळलं की आता घोडं पेंड खाणार.

तिनं फोन ठेवला आणि यंत्रावरचा आकडा पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाली, "बावन्न जणांना आपण सांगितलं नाही. ते गिरणीवर गेले. त्यांना आता बोलावता येत नाही. त्यांना नाही, तर कुणालाच नाही. कुणी विचारलं तर सांगायचं, मिस ऑडेटना सांगितलं तसं."

"लेम्पी, रायलीचा विचार कर."

"तोच करतेय," ती म्हणाली. "म्हणून तर मला सांगता येत नाही."

खिडकीपाशी ऑर्व्हल ट्रेम्बाथ बसला होता. घरपट्टीच्या विरोधातल्या मंडळींनी त्याला निरीक्षक म्हणून बसवलं होतं. विजेच्या खांबांवर चढण्यात आयुष्य गेलेला, बायको गेल्यापासून एकटा. त्याच्या तळ्याकाठच्या घराच्या दोन्ही बाजूंना शिकागोवाल्यांनी बंगले बांधले आणि त्यांच्या नादानं त्याच्या घराचीही किंमत कागदावर फुगली. किंमत फुगली की पट्टी फुगते, पेन्शन मात्र आहे तेवढीच. मला त्याचं म्हणणं पटत नव्हतं, पण तो खोटं बोलत नव्हता. आमचं सगळं ऐकून तो उठला आणि टेबलापाशी आला.

"लेम्पी, सांग लोकांना," तो म्हणाला. "माझी हरकत नाही. वाटल्यास लिहून देतो. मला जिंकायचंय, पण असं नाही."

"पहिल्या बावन्नांच्या वतीनं तू लिहून देऊ शकतोस का?"

ऑर्व्हलनं माझ्याकडे बघितलं. मग तो आपल्या खुर्चीकडे परत गेला.

सकाळभर मी मतपत्रिका देत राहिले आणि माणसं पुढचं पान भरून, ती यंत्रात सरकवून निघून जाताना बघत राहिले. काही जण उलटत होते. बरेच नव्हते. पुष्कळदा मला जीभ चावावी लागली. लेम्पी माझ्या शेजारी ताठ बसलेली, सह्या तपासत. तिच्या मानेची शीर उडत होती, ती मला दिसत होती.

बारा वाजता ती सारण भरलेली भाजकी पेस्टी खायला मागच्या स्वयंपाकघरात गेली. सलगमाची, तिची स्वतःची. ती गेली आणि माझा धीर सुटला. एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन आली, तिला मी मतपत्रिका देताना हळूच म्हटलं, उलटून बघ गं. मग दवाखान्यातली ती चष्मेवाली पोरगी आली, तिलाही. मग रायलीबरोबर शिकणारा तो लांब केसांचा गृहस्थ. आता खरं सांगायचं तर ह्या तिघांच्या मध्ये आणखी पाच-सहा जण येऊन गेले होते. दोन म्हातारे, तळ्याकाठचा एक शिकागोवाला, आणखी कोण कोण. त्यांना मी काही म्हटलं नाही. मी निवडून सांगत होते. मला ते कळत होतं आणि तरी मी करत होते. ऑर्व्हलच्या कानावर ते पडत होतं, पण त्यानं वर्तमानपत्र वर धरलं.

चौथ्याला सांगायला मी तोंड उघडलं आणि मागून लेम्पीचा आवाज आला. आवाज अगदी हळू होता.

"नेला, ऊठ. स्टिकरच्या टेबलावर बस."

'मी मत दिलं' असे स्टिकर मतदारांना वाटायचं काम आमच्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या मदतनीसाला देतात. मी उठले. माझे कान तापले होते. एवढ्या वर्षांत आमची भांडणं झाली नाहीत असं नाही, पण तिनं मला चारचौघांत कधी उठवलं नव्हतं. ती माझ्या खुर्चीवर बसली आणि शेरे लिहायच्या वहीत तिनं लिहिलं की मदतनीस नेला बर्टुची यांनी बारा ते साडेबाराच्या दरम्यान तीन मतदारांना मागील बाजू पाहण्यास सांगितले, इतरांना सांगितले नाही. आणि खाली, पहिल्या बावन्न मतदारांना सूचना न देण्याची माझ्याकडून चूक झाली, असं लिहून तिनं स्वतःचं नाव घातलं. मग वही माझ्यापुढे सहीसाठी आणली. मी सही केली. त्या क्षणी मला तिचा इतका राग आला होता की पेन कागदातून आरपार गेलं.

रात्री आठला दार बंद केलं तेव्हा बाहेर अजून लख्ख ऊन होतं, आमच्या उत्तरेकडे उन्हाळ्यात सूर्य नवानंतर मावळतो. यंत्रातून लांब पट्टी निघाली. तीनशे अठ्ठेचाळीस मतं. कॉलेजला हो म्हणणारे एकशे शहाऐंशी, नाही म्हणणारे एकशे एक. मागची बाजू कोरी: एकसष्ट.

सकाळी निकाल लागला. अख्ख्या काउंटीत कॉलेजचा प्रश्न चौदा मतांनी पडला होता.

मी शाळेत गणितात कच्ची होते, पण हे गणित मी त्या सकाळी कॉफी गार होईपर्यंत केलं. आमच्याकडच्या एकसष्ट जणांनी बाकीच्यांसारखीच मतं दिली असती, तर अठराएक मतांची भर पडली असती. लागत होती पंधरा. आता त्यातल्या काही जणांनी मुद्दाम कोरं सोडलं असेल. त्या बावन्नांपैकी किती जण त्यात होते, तेही देव जाणे, मतपत्रिकांवर नावं थोडीच असतात? हे गणित बरोबर की चूक, हे कुणालाच कधी कळायचं नाही. तरी मी ते पुन्हा पुन्हा करत होते.

दहाच्या सुमारास लेम्पीचा फोन आला. म्हणाली, मी रायलीला सांगणार आहे, तू ये, तू साक्षीदार आहेस. मी म्हटलं, बाई, ती तुझी लेक आहे, कोर्ट नाही. पण रायलीच्या घरी गेले.

रायली रात्रपाळी करून नुकतीच आली होती, अंगावर तोच निळा गणवेश. लेम्पीनं तिला खुर्चीवर बसवलं आणि सगळं ओळीनं सांगितलं. यंत्र, गडबड, बावन्न, फोन, ऑर्व्हलनं काय म्हटलं ते, मी काय केलं ते. काही लपवलं नाही, काही सारवलं नाही. मी तिच्या बाजूनं काही बोलायला गेले तर तिनं हातानं थांबवलं.

रायली ऐकत होती. मग ती म्हणाली, "तो विरोधातला माणूस तुला सांग म्हणाला, आणि तू नाही सांगितलंस."

"नाही."

"एक वाक्य होतं, आई."

लेम्पी म्हणाली, "हो."

"दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर सांगितलं असतंस?"

लेम्पीनं ह्याच्यावर विचार केला. तिची ती खोडच, प्रश्न विचारला की खरं उत्तर शोधणार. माझ्या मनात आलं, खोटं बोल, एकदा तरी बोल. पण ती म्हणाली, "कदाचित सांगितलं असतं. तू होतीस म्हणून माझा माझ्यावर भरवसा नव्हता."

रायली रडली नाही. तिनं सिंकमध्ये कप विसळला, भांड्यांच्या टोपलीत पालथा घातला आणि झोपायला निघून गेली. लेम्पी तिथंच उभी होती. मी तिला जवळ घेतलं, तर ती लाकडासारखी ताठ. आदल्या दिवसाचा माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मलाच रडू आलं.

सप्टेंबरात शाखा बंद झाली. रायलीनं घर रिकामं केलं आणि ग्रीन बे शहरात एका मांस पॅक करायच्या कारखान्यात नोकरी धरली. तिथं राहिली तर जमेल तेव्हा उरलेलं वर्ष करता येईल, असं म्हणाली. दर रविवारी ती आईला फोन करते. हवा कशी आहे, गुडघा कसा आहे. कोर्सचं ती काढत नाही आणि लेम्पीही विचारत नाही.

कॉलेजच्या मंडळानं तोच प्रश्न नोव्हेंबरात पुन्हा लोकांपुढे ठेवायचं ठरवलं, मंजूर झाला तर शाखा पुन्हा उघडणार होती. हे जाहीर झालं त्याच आठवड्यात लेम्पीनं केंद्राध्यक्षपदाचा राजीनामा दिला. क्लार्कबाई म्हणाल्या, अहो, कुणी तक्रार केलेली नाही, राहा ना. ही म्हणाली, तक्रारीचं नाही, मला काम आहे. आणि तिथून थेट माझ्या दारात आली. ऑक्टोबरचा मध्य, पहिलं हिमाचं भुरभुरणं सुरू झालेलं. हातात कॉलेजच्या पत्रकांचा गठ्ठा.

"मला घरोघरी जायचंय," ती म्हणाली. "मला मागता येत नाही. तू चल."

मी तिला गाडीत घातलं. म्हटलं, सोप्या घरापासून सुरू करू, मिस ऑडेटकडे जाऊ, त्या कॉफी तरी देतील. तिनं ऐकलं नाही. ऑर्व्हलकडे चल म्हणाली. मी म्हटलं, अगं, त्याच्या अंगणात विरोधाची पाटी आहे. ती म्हणाली, त्यानं त्या दिवशी मला सांग म्हटलं होतं, त्याच्याकडे न जाता मी दुसऱ्या कुणाच्या दारात कशी जाऊ?

ऑर्व्हलनं दार उघडलं. घरातही त्याच्या अंगात जाकीट आणि डोक्याला लोकरीची टोपी होती. गॅस वाचवायला तो घर तापवायची शेगडी बारीक ठेवतो, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. त्यानं आम्हाला बघितलं, मग लेम्पीच्या हातातले कागद बघितले आणि आत या म्हणाला. लेम्पी म्हणाली, नको, मी मत मागायला आलेय, ते दारातूनच मागायचं असतं.

आणि ती थांबली. तोंड उघडलेलं, शब्द नाही. जिनं सव्वीस वर्षं गावाला काय करायचं ते सांगितलं, तिला काय हवंय हे सांगता येईना. मी तिच्या जागी बोलायला लागले असते, पण त्या टेबलावरून मला एकदा उठवलेलं होतं. मी गप्प राहिले.

"रायली तर गेली," ऑर्व्हल म्हणाला. हे त्यानं मनाला लागेल असं नाही म्हटलं. "आता कुणासाठी मागतेस, लेम्पी?"

"तिच्यासाठी मला मागता आलं नाही," ती म्हणाली. "आता माझं त्यात कुणी नाही. आता मागते."

"मी नाहीच म्हणणार आहे. तुला आधीच सांगतो."

"ठाऊक आहे. पण मला सगळं बोलू दे."

तो हो म्हणाला. लेम्पीनं पत्रक उलगडलं, त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा घडी घातली. "मी बेचाळीस वर्षांची होते," तिनं सुरुवात केली. "कारखाना बंद झाला, तेव्हा मला शिवणीशिवाय काही येत नव्हतं." मग ती अडखळली, मागे गेली, पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. वारा तळ्यावरून थेट दारात येत होता आणि घरातली ऊब आमच्या पायांवरून बाहेर चालली होती. ऑर्व्हलनं टोपी खाली ओढली, दाराला पाठ लावली आणि ते उघडं धरून ठेवलं.